इंदूरची रीत

चेंडू मारल्यावर दादा चेंडूकडे पाहत नसत. काठी खांद्यावर तशीच ठेवून मागे वळत, आमच्या चेहऱ्यांकडे पाहत आणि विचारत, "बोला, कसा गेला?"

गोल्फ खेळणारा माणूस उडालेल्या चेंडूवरून नजर काढत नाही, हे तुम्ही हा खेळ दुरून पाहिला असेल तरी ठाऊक असेल. म्हणून आम्हांला ती ऐट वाटे. होळकरांच्या चाकरीत पिढ्या गेलेल्या घरातला माणूस, हाताला सफाई, कौतुक ऐकायची सवय. त्यांचे जोडीदार वकील न चुकता उत्तर देत. "झकास! जरा डावीकडे, बाभळीच्या अलीकडे." मग दादा बाभळीकडे चालू लागत.

दादा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. तिपाईवरच्या दुर्बिणीतून दूरच्या पट्टीवरचे आकडे वाचायचे आणि रस्त्याची, नाल्याची पातळी ठरवायची, हे त्यांचं काम. स्नेहलतागंजात दोन खोल्यांत एकटे राहत. मुलगी धारला दिलेली. सकाळी मैदान आणि दिवसभर दुर्बीण, यापलीकडे त्यांचं काही नव्हतं. हवं आहे असंही कधी दिसलं नाही.

आमचं मैदान शहराबाहेर होतं. परदेशीपुऱ्याकडच्या गिरण्यांचा भोंगा तिथपर्यंत ऐकू येई. काळी माती, उन्हाळ्यात भेगा, हिरवळ नावालाही नाही. झेंड्याभोवती तेल पाजलेली रेती गोल पसरलेली असे. तिला आम्ही ब्राउन म्हणत असू. तिच्यावर पावलं उमटत, म्हणून शेवटचा टोला मारण्याआधी जो तो दांड्याला जोडलेली लाकडी फळी घेई आणि आपल्या चेंडूपासून भोकापर्यंत ओढत नेऊन वाट सपाट करी.

नव्या माणसाला दादा या रीतीचा दुसरा भाग आधी शिकवत. "पहले दुसऱ्याचा चेंडू बघायचा. वाटेत असला तर उचलून त्याच्या हातात द्यायचा. मग फळी. मैदान आपल्या बापाचं नाही, भिया."

मध्यभारत राज्य झाल्यावर इंदूर आणि ग्वाल्हेर या दोन मोठ्या संस्थानांची खाती एकत्र आली. ग्वाल्हेरचे एक इंजिनियर दादांच्या वर साहेब म्हणून आले. मराठीच माणूस, कमी बोलणारा, नियमाला पक्का. इंदूरकरांना ते रुचलं नाही. वकील म्हणत, "बघा, आता पोह्यांत मीठ किती ते पण ग्वाल्हेरला विचारावं लागणार."

साहेब गोल्फ खेळत. मारवाडात वाळवंटाच्या कडेला एक मैदान आहे, कुणीही जाऊन खेळू शकतं, असं त्यांनी ऐकलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी बेत ठरवला. "ओव्हरसियर, इंदुरात तुमच्यासारखा हात नाही म्हणतात. चला." साहेबांचं 'चला' नाकारता येत नाही. वकील आपणहून निघाले. चौथा मी. मी तेव्हा एका दैनिकात बातमीदार होतो.

छोट्या लाइनची गाडी रतलाम सोडून पुढे निघाली. उजेड लख्ख होता. एका स्टेशनात गाडी थांबली तेव्हा दादांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि मला विचारलं, "बोला, कुठलं स्टेशन?" पिवळी पाटी आमच्या समोर होती. अक्षरं हातभर उंच.

मी उत्तर देण्याआधी वकिलांनी बाकाखालून माझा पाय दाबला. पुढच्या थांब्यावर चहाच्या निमित्ताने त्यांनी मला खाली उतरवलं.

"दिसलं ना तुला?"

"त्यांना पाटी वाचता येत नाही."

"मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे. डॉक्टर म्हणतात अजून पिकला नाही, पिकल्याशिवाय कापता येत नाही. आणि पुढच्या महिन्यात खात्याची फिटनेसची तपासणी आहे. कागदावर सही कुणाची, माहीत आहे?" त्यांनी मानेने डब्याकडे दाखवलं. साहेब वर्तमानपत्र वाचत होते. "दुर्बीण काढून घेतली तर हा माणूस संपेल. ही बातमी नाहीये, भिया. समजलं?"

समजलं होतं. मैदानावरचा रोजचा प्रश्नही मला तेव्हा समजला.

मारवाडातलं मैदान म्हणजे नुसती वाळू. मधूनमधून खेजडीची झाडं आणि रुईची झुडपं. पांढरा चेंडू त्या उजेडात हरवतो म्हणून तिथे तो लाल रंगवत. तिथल्या वयस्क सेक्रेटरींनी सुरुवातीलाच दोन कायदे सांगितले. "हुकम, कोई खेल रहा हो तो आवाज़ नहीं. और ब्राउन पर फट्टा सबसे आख़िर में. सब खेल लें, तब फेरिए."

दादांनी मान डोलावली. पहिला टोला त्यांचाच होता. चेंडू सुरेख उडाला. ते वळले, आमच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. वकिलांनीही कायद्यापायी ओठ दाबून धरले होते.

मग वकिलांनी युक्ती काढली. दादांनी मारलं की ते चेंडूच्या दिशेला चालू लागत आणि दादा त्यांच्या मागे. वकिलांचं जाकीट काळं होतं. वाळूवर तेवढं दादांना दिसत असावं. काही भोकं अशी निभावली. नंतर साहेब थांबले.

"वकीलसाहेब, तुमचा चेंडू उजवीकडे आहे."

"हो, हो. पाय मोकळे करतोय, साहेब."

"प्रत्येक वेळी?"

वकील हसले. साहेब हसले नाहीत. त्यानंतर ते स्वतःचा चेंडू मारून झाल्यावर दादांकडे पाहू लागले. दादांना ते पाहणं दिसत नव्हतं, पण कळलं असावं. त्यांनी काठी धरलेल्या हाताचा घाम दोनदा धोतराला पुसला. मारण्यात मात्र फरक पडला नाही. पायापाशी ठेवलेला चेंडू त्यांना दिसत होता, आणि पुढचं काम हात करत होते.

शेवटच्या ब्राउनवर आलो तेव्हा दादा आणि साहेब बरोबरीत होते. ऊन कलून समोरून येत होतं. साहेबांचा चेंडू भोकाच्या अलीकडे एका बाजूला होता, दादांचा कडेला. मी झेंडा धरून उभा होतो. फळी दादांच्या पायाजवळ पडली होती.

त्यांनी ती उचलली. वर्षानुवर्षांच्या सवयीने उचलली. वकिलांच्या तोंडून "दादा" एवढं निघेपर्यंत ते झेंड्याच्या रोखाने निघाले होते, फळी मागे ओढत. फळीच्या टोकात साहेबांचा लाल चेंडू अडकला, घरंगळला आणि तेलकट रेतीच्या ढिगात भोकाच्या पलीकडे जाऊन बुडाला. दादा माझ्यापाशी येऊन थांबले. मागे वळून त्यांनी सपाट झालेल्या वाटेकडे समाधानाने पाहिलं.



"माझा चेंडू कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

दादांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग वकिलांच्या. तिथे त्यांना काय दिसलं कोण जाणे.

वकील पुढे झाले. "साहेब, चूक आमची. आमच्या इंदूरला फळी आधी फिरवतात. सवय आहे, दुसरं काही नाही. इंदूरची रीत."

साहेबांनी क्षणभर विचार केला. चेहरा सैल झाला. "असं होय. तुमच्या इंदूरला दुसऱ्याच्या चेंडूवरून फळी फिरवतात तर. ठीक आहे. जागेवर ठेवा, खेळू पुढे."

सुटका झाली होती. वकिलांनी श्वास सोडलेला मी ऐकला. दादांनी फक्त हो म्हणायचं होतं. तेही नको, गप्प राहिले असते तरी चाललं असतं.

दादांनी फळी खाली ठेवली. "नाही साहेब."

"दादा, राहू द्या ना," वकील म्हणाले.

"कसं राहू देऊ? हे ग्वाल्हेरला जाऊन सांगतील, इंदूरचे लोक असे खेळतात." ते साहेबांकडे वळले. नेमके नव्हे, थोडे बाजूला. "साहेब, इंदूरची रीत अशी नाही. इंदुरात आधी दुसऱ्याचा चेंडू बघतात, उचलून त्याच्या हातात देतात, मग फळी फिरवतात. रीत बिलकुल ठीक आहे. चेंडू मला दिसला नाही."



"किती दिवसांपासून?" साहेबांनी विचारलं.

"बरेच झाले."

"लेव्हल कोण वाचतं?"

"मीच. एकेक आकडा पुन्हा पुन्हा बघतो. अजून चुकला नाही."

"अजून," साहेब म्हणाले.

साहेबांनी रेतीतून चेंडू काढला, पुसला आणि आपल्या जागी ठेवला. "खेळा. तुमची पाळी आहे."

दादा कडेला गेले, वाकले आणि मारलं. चेंडू त्यांनीच केलेल्या वाटेवरून सरकत गेला. ते वळले. या वेळी तोंड मिटलं नाही. "बोला, कसा गेला?"

उत्तर साहेबांनी दिलं. "सरळ होता. वीतभर कमी पडला."

"बरं," दादा म्हणाले.

परतीच्या प्रवासात ते खिडकीशी बसले आणि प्रत्येक थांब्यावर मोठ्याने विचारत राहिले, "बोला, कुठलं स्टेशन?" साहेब वर्तमानपत्र बाजूला ठेवून पाटी वाचत. रतलामपर्यंत त्यांनी एकही चुकवली नाही.

पुढच्या महिन्यात साहेबांनी नियमाप्रमाणे केलं. दादांच्या कागदावर अपात्र असा शेरा पडला. वकील पुन्हा कधी साहेबांशी बोलले नाहीत. दादा त्यांना म्हणाले, "माणूस खरा आहे. मी असतो तर हेच केलं असतं, और क्या." पण दुर्बीण खात्यात जमा करायला गेले त्या दिवशी ते मैदानावर आले नाहीत. त्यानंतरही नाहीत. मुलीने त्यांना धारला नेलं. मोतीबिंदू पिकला, ऑपरेशन झालं, जाड भिंगांतून अक्षरं दिसू लागली, असं वकिलांना कळलं. काही वर्षांनी दादा गेल्याची बातमी आली. ती मीच लिहिली, चार ओळींत. मारवाडचा उल्लेख केला नाही.

बातमी छापली त्या सकाळी वकील आणि मी मैदानावर गेलो. वकिलांनी चेंडू मारला. मी मागे उभा होतो.

"डावीकडे," मी म्हणालो, "बाभळीच्या अलीकडे."

"मला दिसतंय, भिया," वकील म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत.