तांदळात लिहिलेलं नाव

माझी मुलगी अठरा वर्षं परदेशात राहते. नर्स आहे. घर तिथं, लेकरं तिथलीच. पण तिथला कायदा बदलला आणि जुन्या लोकांचेही कायम राहायचे कागद पुन्हा तपासायला लागले. फोनवर तिचा आवाज बसला होता.

"अण्णा, जन्माच्या दाखल्यावर आईचं नाव एक हाय, पासपोर्टवर दुसरंच. दोन्ही नावांची बाई एकच, हे दाखवा म्हणत्यात. न्हाईतर राहू देणार न्हाईत."

चूक कुणाची ते मला कळलं. लग्नात ताटात तांदूळ पसरून मी अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहिलं होतं. आईनं सांगितलं, मी लिहिलं. जिचं नाव तिला कुणी विचारलं नाही. पहिलं बाळंतपण, ह्याच पोरीचं, माहेरी, मंद्रूपला. तिच्या वडिलांनी नोंद केली ती आपल्या लेकीच्या मूळ नावानं. मी ठेवलेलं नाव त्यांच्या तोंडी कधी बसलंच नाही.

बायको जाऊन आठ महिने झाले. असती तर स्वतःच सही केली असती.

कोर्टाजवळ एका वकीलबाईंकडं गेलो.

"आजोबा, बायकोची दोन्ही नावं सांगा."

"लिहून देतो की."

"तोंडानं सांगा. शपथेवर द्यायचंय."

"आमी कदी घेतलं न्हाय."

"मग हाक कशी मारायचा?"

"अगं म्हणायचो. यायची."

मी ठेवलेलं नाव पटकन सांगितलं. रेशनकार्डावर तेच, दवाखान्यात तेच. माहेरचं नाव मात्र तोंडातून निघेना. बाईंनी पाणी दिलं. मग सांगितलं.

"चांगलंय की. बदललं कशाला?"

"अक्कल न्हवती."

परत येताना भवानी पेठेपर्यंत चालतच आलो. अठरा वर्षं राहिलेल्या पोरीला 'तू कोण' विचारतात म्हणून मी त्या सरकारला शिव्या घालत होतो. माझ्या घरात एक बाई पंचेचाळीस वर्षं राहिली, तिला तर मी आल्या दिवशीच पुसून टाकली होती. भांडली नाही. माहेरचं माणूस आलं, की त्या नावाला 'ओ' देताना तिचा आवाज वेगळा व्हायचा, एवढं मला आठवतं.

शपथेचा कागद पोरीला पाठवला. दीड महिन्यानं तिचा फोन आला. "अण्णा, झालं! राहू देत्यात."

फोन ठेवला आणि बायकोच्या फोटोसमोर गेलो. आधी सवयीनं 'अगं' आलं. मग माहेरच्या नावानं हाक मारली आणि सांगितलं, "पोरगी ऱ्हातीय तितंच."