भाऊजींचा येता-जाता पाहुणा

आमच्या शेजारच्या भाऊजींसारखं पोट अख्ख्या छत्तीसगडात दुसरं नाही, आणि नाही म्हणूनच हे नवं राज्य सुरळीत चाललंय, असं माझं प्रामाणिक मत. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर लोक भजनी मंडळ धरतात, यांनी मुरडा धरला. रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यात आमची भिंत एकच, त्यामुळे त्यांच्या आतड्यांचा हालहवाल मला घरबसल्या समजे. रायपूर राजधानी झालं, सारा मोहल्ला फटाके फोडतोय, आणि हे खिडकीतून, "वहिनी, कळ येऊन राहिली जी!" जसा काही शपथविधी यांच्याच पोटात चाललाय. वाटाण्याची उसळ तीनदा मागून घ्यायची आणि दोष द्यायचा राजधानीच्या धुळीला! गोल बाजारात हे गरम पाण्याची पिशवी घ्यायला गेले, तर एकेक पोटाला लावून बघत बसले. शेवटी दुकानदार म्हणाला, "भैया, लेना है कि यहीं इलाज कराना है?"

पण विद्या मात्र पक्की हं. "आतडं धोतरासारखं पिळते वहिनी, मंग सोडते. पिळलं का कळ, सोडलं का आराम. येते-जाते तो पाहुणा. ठाण मांडून बसला, तर पाहुणा नाही, कब्जेदार! त्याले बाहेरूनच हाकलाव लागते." हे प्रवचन मला भाजी निवडता निवडता पाठ झालं होतं.

एका दुपारी भिंतीपलीकडे सगळं चिडीचूप. मी गेले, तर भाऊजी खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेले, घामाने निथळत. ओवा नाही, पिशवी नाही, वर्णन तर नाहीच नाही. मुलगा टीव्हीपुढून म्हणाला, "आंटी, पापा का तो रोज़ का है."

"काय जी भाऊजी, पाहुणा का?"

त्यांनी पोटाच्या उजवीकडे, खाली बोट ठेवलं. "सकाळपासून बसून राहिला, वहिनी."

इतकंच! एवढा बोलका माणूस, आणि इतकंच? "पोट्ट्या, ऑटो आण आधी!" मी ओरडले. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, डॉक्टरांनी त्याच दिवशी कापून काढलं. शुद्धीवर आल्या आल्या भाऊजी पुटपुटले, "कब्जा हटला, वहिनी."

पुढे मुलाने नव्या रायपुरात फ्लॅट घेतला आणि त्यांना तिकडे नेलं. परवा फणसाची भाजी अंमळ जास्त झाली, तर मलाच मुरडा आला. येत होता, जात होता, पाहुणाच तो. सांगायला म्हणून सवयीने भिंतीवर थाप मारली. पलीकडे आता कुलूप आहे, हे कळ ओसरल्यावर आठवलं.