साठमारीत अडलेली किल्ली

कॉन्व्हेंटमधल्या मैत्रिणींनो, हे पत्र घाईघाईत लिहितेय.

आज महाराजांच्या साठमारीत, माजलेल्या हत्तीला डिवचायच्या त्या खेळात, आमचे हे कॅमेरा घेऊन आखाड्यात उतरले. एका फोटोनंतर कॅमेऱ्याची किल्ली अडली, फिल्म पुढं सरकेना. हे तिथंच उकिडवे बसून किल्ली दुरुस्त करू लागले.

"पावणं, हत्ती बघा की, डबा काय बघताय?" म्हणत दस्तगीर साठमार धावला. त्यानं ह्यांना आखाड्यातल्या लपायच्या दगडी बुरजात ढकललं. तेवढ्यात हत्तीनं त्याचा पाय भिंतीशी चिरडला.

तो किंचाळत असतानाच ह्यांची किल्ली फिरली. ह्यांनी त्याचाच फोटो काढला.

आता हे आंघोळीला गेलेत आणि कॅमेरा माझ्या मांडीवर आहे. झाकण उजेडात उघडलं, की सगळी फिल्म वाया जाईल.

तुम्ही उघडलं असतं?