भरतीच्या पानावरची ओळ

मी श्रीवर्धनला राहतो, आसपासच्या होमस्टेंना वेबसाइट करून देतो. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की पहिली टिंगल माझीच असते... त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

हरिहरेश्वरला सुलभाकाकूंचा होमस्टे आहे. तिथली प्रदक्षिणेची वाट डोंगराखालच्या खडकांवरून जाते, तीही फक्त ओहोटीला. भरतीत अडकलेला माणूस परत येईलच असं नाही. म्हणून काकूंचे यजमान, नाना, वेबसाइटवर रोज वेळ लिहायचे. हिशोब आपला जुनाच – तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, आणि तिच्यावरून वाटेवरून परतायची वेळ. मागच्या वर्षी नाना गेले. रोज कोण लिहिणार, म्हणून मी शहाणपणा केला आणि प्रोग्रॅम लावला. दर दिवशी तिथी एकने पुढे, वेळ आपोआप.

त्या आठवड्यात एकादशी दोन दिवस आली. प्रोग्रॅमला कुठलं पंचांग! त्याने दुसऱ्या दिवशी सरळ द्वादशी धरली, म्हणजे वेळ पाऊण तास पुढे. माझ्या हे गावीही नव्हतं.

त्या दुपारी मी काकूंचा राउटर बघायला गेलो होतो. सव्वातीनला पुण्याचं एक जोडपं लहान मुलीला घेऊन प्रदक्षिणेला निघालं. नवऱ्याने मला मोबाईल दाखवला. पानावर साडेचारपर्यंत परत या असं होतं, आणि सर्चमध्ये त्याच पानाच्या नावाखाली वेगळंच. मी समजावलं, की सर्चचा बॉट अधूनमधून येऊन पान वाचतो आणि प्रत ठेवून घेतो. सर्चमध्ये दिसते ती प्रत, म्हणजे शिळी असणार. पानावरचंच खरं धरा.

काकूंनी चष्मा लावून सर्चमधली ओळ वाचली.

"आजसुद्धा एकादशीच. पावणेचारच्या आत परत या, लेकरांचा हात सोडू नका."

मग त्या पाहुण्यांना म्हणाल्या, "आज जायचं नाही. हे आमच्या ह्यांचं लिहिणं आहे."

पाहुणे थांबले. मला रागच आला. चार वाजता मी स्वतः पायऱ्या उतरून गेलो, काकूंना खोटं पाडायला. वाट दिसतच नव्हती. खडकांवर लाटा फुटत होत्या, आणि माझ्या हिशोबाने अजून अर्धा तास बाकी होता. ती मुलगी आत्ता तिथे असती... मी पायरीवरच बसलो.

संध्याकाळी सर्व्हरच्या नोंदी बघितल्या. बॉट नऊ दिवसांपूर्वी येऊन गेला होता. नानांची जुनी पानं, बॅकअप – सगळं उपसलं. ती ओळ कुठेच नव्हती. शिळ्या प्रतीत आजची एकादशी आली कुठून?

मग माझ्या धंद्यातला कोणीही करेल तेच मी केलं. वेळ दुरुस्त केली आणि पान पुन्हा वाचा अशी सर्चला विनंती टाकली. तासाभरात बॉट आला, प्रत बदलली.

सकाळी काकूंचा फोन. "विनू, ह्यांची ओळ दिसत नाही रे. परत येईल ना?"

स्क्रीनशॉट कोणीच काढला नव्हता. काकू अजूनही रोज आपल्याच होमस्टेचं नाव टाकून शोधतात. ती ओळ आली कशी, मला सांगता येत नाही. ती घालवली मी, हे मात्र पक्कं माहीत आहे... आणि ते काकूंना अजून सांगितलेलं नाही.