चादरीचं दुसरं टोक

सकाळपासून धुकं असं ठाण मांडून बसलं होतं, की रस्त्यापलीकडचा दिव्याचा खांबसुद्धा दिसेना. असल्या हवेत लाँड्रीचे हाल विचारू नयेत. कपडे वाळता वाळत नाहीत, बॉयलर म्हाताऱ्यासारखा धापा टाकतो, आणि नेमका त्याच दिवशी ज्याला त्याला आपला कोट आत्ताच्या आत्ता हवा असतो. ती अर्धवट उघडलेल्या शटरखालून वाकून आत आली, एप्रन बांधला, इस्त्रीवर पाण्याचे थेंब शिंपडून ते चर्रकन उडतात का ते बघितलं आणि पहिला शर्ट टेबलावर पसरला. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या. पाठ शेवटी.

लाँड्रीत तिला सगळे ‘कडक’ म्हणत. अर्धं नाव तिच्या कॉलरींमुळे पडलं होतं, अर्धं तिच्या जिभेमुळे. वय पस्तिशीच्या आतलं. मुलीचे दुधाचे दात अजून पडत होते. गेल्या वर्षी छातीतली गाठ वेळेवर सापडली, ऑपरेशन झालं, सलाइनमधली औषधं झाली, किरणांचे शेक झाले. आता रोजची एक गोळी, तीही काही वर्षं. डॉक्टर म्हणाले, “छान. आता मोकळ्या तुम्ही.” घरचे म्हणाले, “सुटलीस बाई.” केस परत आले, तेही पूर्वीपेक्षा कुरळे.

पण कडकला कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटत होतं.

आता हे टेबलच घ्या. आजारपणाआधी ती बॉयलरशेजारी, मधल्या मोठ्या टेबलावर असायची. चादरी, पडदे, रजयांच्या खोळी, सगळा जड माल तिच्याकडे. परत आली तर टेबल खिडकीशी. समोर फक्त शर्ट आणि रुमाल.

“खिडकीशी वारा लागतो गं,” मालकीण म्हणाली होती.

“मला कशाला हवाय वारा?”

“तसं नाही... बरं असतं.” आणि मालकीण पावत्या फाडायला निघून गेली. पावत्या फाडायला त्या वेळी गिऱ्हाईक कुठे होतं?

त्यात ही घडीवाली. तयार कपड्यांच्या घड्या घालणारी ही बाई पूर्वी कडकला दिवसाकाठी दहा टोमणे मारायची. आता कडकनं गाठोड्याला हात लावायच्या आत ही धावत येऊन ते उचलून न्यायची, वर हसायची. घडीवाली फुकट हसते म्हणजे काहीतरी शिजतंय, हे लाँड्रीतल्या मांजरानंही सांगितलं असतं.

घरीही तेच. सासूबाई हल्ली गोड बोलायला लागल्या होत्या. संशयाला खरं तर एवढं एकच कारण पुरलं असतं. पण नवऱ्याचं वागणं त्याहून चमत्कारिक. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. लिफ्टच्या खड्ड्यातून वरच्या मजल्यावर ओरडून बोलायची सवय, त्यामुळे घरात मीठ मागितलं तरी शेजारी ऐकायचे. तोच आता फोन आला की जिन्यात जाऊन कुजबुजायचा. एकदा तो आंघोळीला गेला असताना तिनं त्याचा फोन उचलून बघितला. नाव होतं, ‘सिस्टर, हॉस्पिटल’. तीन वेळा.

तिनं फोन होता तिथे ठेवला. हिच्या आजाराची सिस्टर, हिच्या नवऱ्याला तीन वेळा फोन, आणि हिला ताकास तूर लागू देत नाहीत.

आणि चादर. ही गोष्ट ती कुणाला सांगू शकली नसती. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं त्याला चादर घडी करायला शिकवली होती. लाँड्रीवाल्यांची पद्धत: दोघांनी दोन टोकं धरायची, आधी मागे झुकून दणकून ताण द्यायचा, म्हणजे निम्म्या सुरकुत्या इस्त्रीआधीच जातात, मग चालत एकमेकांजवळ यायचं, टोकाला टोक. तो सुरुवातीला एवढ्या जोरात ओढायचा की ती चादरीसकट त्याच्या अंगावर. मग घडी राहायची बाजूला. ऑपरेशनपासून मात्र त्यानं तिच्यासमोर चादरीचं टोक धरलं नव्हतं. “राहू दे, मी करतो,” म्हणून एकटाच तिचा बोळा करून खुर्चीवर टाकायचा. तिला वाटायचं, टोकाला टोक लावायला जवळ यावं लागतं ना, तेच नको असणार. तिच्या शर्टाच्या आत आता एका बाजूला काय आहे ते त्यानं एकदा पाहिलं होतं. त्यानंतर आधी दिवा बंद, कपडे मागाहून.

अशात सिस्टरचा तिला स्वतःलाच फोन आला. “गुरुवारी संध्याकाळी या. तुमच्या वयाच्या काही जणींना बोलावलंय. रिपोर्ट आणू नका, गरज नाही.”

रिपोर्ट नको! कधी नव्हे ते! म्हणजे त्यांना आधीच माहीत आहे. परत आलंय. नवऱ्याला कळलंय, मालकिणीला कळलंय, बहुतेक घडीवालीलाही. फक्त जिच्या अंगात आहे तिला सोडून सगळ्यांना.

गुरुवारी ती गेली ती ठरवूनच. एकदाचं तोंडावर बोलू देत.

हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला, एक्स-रेच्या शेजारी एक खोली होती. खुर्च्या गोलात मांडलेल्या. ते बघूनच तिला घाम फुटला. तसा घाम तिला हल्ली कशानंही फुटायचा, त्या गोळीमुळे. पण हा वेगळा. तिघी आधीच बसल्या होत्या. एक बँकेत काम करणारी, मांडीवर पर्स घट्ट धरून. एक शाळेची व्हॅन चालवणारी, हातात अजून किल्ली. तिसरी तर पोरगीच, लग्न ठरलेली, खाली मान घालून. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. तपासणीच्या दिवशी बाहेरच्या बाकांवर सगळ्या आजीच्या वयाच्या असायच्या, नातवंडांच्या गप्पा मारणाऱ्या. तिच्या वयाच्या बायका तिला तिथे पहिल्यांदाच दिसत होत्या. आणि तिनं मनाशी हिशेब केला: या चौघी निवडून काढलेल्या.

व्हॅनवाली तिच्याकडे वाकली. हळूच म्हणाली, “तुमचं... परत कुठे आलंय?”

कडक गर्रकन तिच्याकडे वळली. “तुम्हाला कुणी सांगितलं माझं परत आलंय?”

“कुणी नाही हो. म्हणजे, इथे त्यांनाच बोलावलंय ना? माझं कुठे आलंय ते मला अजून सांगितलं नाहीये.”

बँकवालीची पर्स खाली पडली. “मलाही ‘रिपोर्ट नको’ म्हणाल्या,” ती म्हणाली. “मी तर लॉकरची किल्ली नवऱ्याला देऊन आलेय.”

लग्न ठरलेली रडायला लागली. “मी घरी सांगून टाकलं, तारीख पुढे ढकला.”

तेवढ्यात सिस्टर चहाची किटली घेऊन आत आली, आणि समोर चार मेलेले चेहरे. “काय झालं? कुणाला चक्कर आली का?”

“कुणाचं परत आलंय ते आधी सांगा,” कडक उभीच राहिली. “चहा नंतर.”

सिस्टरनं किटली खाली ठेवली. एकेकीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. “अरे देवा. कुणाचंही नाही! फोन करण्याआधी मी चौघींच्या तपासण्या बघितल्यात. सगळ्या ठीक आहेत. तुम्ही लहान वयाच्या, तुमच्या अडचणी वेगळ्या, कामं, लहान मुलं, लग्नं. त्या आजींच्या घोळक्यात तुम्ही तोंड उघडत नाही, म्हणून वेगळं बोलावलं. हे फोनवर नीट सांगायला हवं होतं. चुकलं माझं.”

बँकवालीनं खाली पडलेली पर्स उचलली. मग व्हॅनवाली फस्सकन हसली. “लॉकरची किल्ली देऊन आलात?”

“आता परत मागायची कशी?” बँकवाली म्हणाली, आणि चौघींचं हसू असं काही सुटलं की शेजारच्या एक्स-रेवाल्यानं डोकावून बघितलं.

मग मात्र बोलणं वाहायला लागलं. अंगातून उठणाऱ्या वाफा, न येणारी झोप, गेलेली पाळी. सगळे ‘बरी झालीस, आता हस’ म्हणतात त्याचा येणारा राग. लग्न ठरलेलीनं पुढे मुलं होतील का ते विचारलं. सिस्टर म्हणाली, त्याची वेगळी डॉक्टर आहे, वेळ घेऊन देते, पण उत्तर तिच्याकडूनच घ्यायचं, कुणाच्या मावशीकडून नाही. हाताबद्दल म्हणाली, “वापरायचा. वजन हळूहळू वाढवायचं. भाजू, कापू द्यायचं नाही. सूज दिसली की लगेच दाखवायचं.”

“माझ्याकडे इस्त्री आहे,” कडक म्हणाली. “अन् आतला बॉयलर वेगळाच.” सगळ्या हसल्या. पण ती विसरली नव्हती. निघताना तिनं सिस्टरला दारात गाठलं. “माझ्या नवऱ्याशी तुमचं काय बोलणं चालतं?”

“ते त्यांना विचारा. तुमचं मी त्यांना सांगत नाही, त्यांचं तुम्हाला सांगणार नाही.”

“माझ्या आजाराचं काही लपवलंय?”

“नाही. तुमच्या तपासणीचं जे काही असेल ते आधी तुम्हाला कळेल. आणि पुढच्या गुरुवारी परत या.”

पटलं, असं म्हणता येणार नाही. वाटभर ती त्या वाक्यात भोक शोधत राहिली.

घरी नवरा वाळलेल्या चादरींच्या ढिगासमोर उभा होता. मुलगी आतल्या खोलीत आजीला कविता म्हणून दाखवत होती.

“जिन्यात काय बोलता सिस्टरशी?” तिनं चपला काढायच्या आतच विचारलं.

तो दचकला. “कोण? मी?”

“नाही, लिफ्ट!”

त्यानं मान खाली घातली. “ऑपरेशननंतर त्यांनी सांगितलं होतं, हात ओढायचा नाही, वजन उचलू द्यायचं नाही. ते कधी संपलं ते कुणी सांगितलंच नाही. म्हणून विचारत होतो. मालकिणीलाही मीच सांगितलं. म्हटलं, हात सुजला तर...”

“म्हणून माझं टेबल खिडकीशी?”

“हो.”

“अन् चादर?”

“चादर ओढतात ना. मला वाटलं, आत टाके असतील. माझ्या हातून काही तुटलं तर?” त्याचा तो मोठा आवाज कुठल्या कुठे गेला होता. “अंगाला हात लावायलाही भ्यायचो. सिस्टर दर वेळी एकच सांगायची, तिलाच विचारा. तुला विचारायला गेलं की तू म्हणायचीस, मला काय झालंय?”

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. गिऱ्हाइकानं ‘डाग आधीचाच आहे’ म्हटल्यावर बघायची, तशी.

“माझी घाण नाही ना वाटत?”

“काय बोलतेस!” हे एवढं मोठ्यानं आलं की आतली कविता थांबली.

“उद्या मालकिणीशी मी बोलते,” ती म्हणाली. “काय उचलायचं ते मी ठरवणार. परस्पर कुणाला काही सांगायचं नाही. धरा ते टोक.”

त्यानं टोक धरलं, जसं काही ते काचेचं आहे.

“ओढा की. लिफ्टची दोरी अशीच ओढता?”

त्यानं ओढलं. चादर फाटकन ताणली गेली. तिच्या काखेत बारीकशी कळ आली. एरवी ती गिळली असती.

“जरा कमी,” ती म्हणाली. “हां. एवढंच.”

चालत दोघं जवळ आली, टोकाला टोक लागलं. तो तिथेच रेंगाळला. तिनं त्याच्या हातातली टोकं घेतली, घडी मारली, वरून तळवा फिरवला.

“बघत काय बसलात? अजून तीन आहेत. ती निळी द्या आधी.”