रुपया तोच, मार्क निराळे

ज्या घरात दर रविवारी तेच तीन पुरुष तेच भांडण भांडतात, तिथे किस्से जमवावे लागत नाहीत. केर काढला तरी निघतात!

तिघे म्हणजे आमचे हे, रेल्वेतून रिटायर झालेले. तिवारीजी, मानिक चौकात भांड्यांचं दुकान. आणि बंडूभावजी, यांचे चुलतभाऊ, बिजौलीच्या कारखान्यात सुपरवायझर होते. तिघांनाही जुन्या नाण्यांचं वेड. बैठक आमच्याकडे, झाशीत नगऱ्याला.

आणि भांडण? माझ्या थोरल्याचं बारसं झालं त्या वर्षी यांनी आणि तिवारीजींनी एकाच सराफाकडून, एकाच दिवशी, जुन्या झाशीच्या टाकसाळीचे दोन रुपये घेतले. एकाने एक, दुसऱ्याने दुसरा. जुळे भाऊ जसे! तेव्हापासून एकच प्रश्न: कुणाचा रुपया चांगला?

एवढंच. पण यापायी दोघांची झोप उडालेली मी पाहिली आहे.

*

पहिल्यांदा परीक्षा होती आवाजाची. फरशीवर टाकायचा, खणखणला की पास! दर रविवारी खण्ण, खण्ण. खाली राहणारी बाई एकदा वर आली. म्हणाली, "अम्माजी, आपके यहाँ इतने पैसे गिरते हैं, कोई उठाता नहीं क्या?"

शेवटी यांचा रुपया जिंकला. हे आठवडाभर मिशीत हसत होते.

मग ग्वाल्हेरच्या प्रदर्शनात कुणीतरी सांगितलं, नाणं पाडायचंच नसतं. कडेला ठोकर लागते, किंमत उतरते. जितका खणखणीत, तितका ठेचलेला!

तिवारीजी म्हणाले, "भाईसाहब, आप तो जीत-जीत के हार गए!"

*

पुढे आली चमक. चमकेल तो भारी. तिवारीजींचं तर दुकानच भांड्यांचं! पितळेचे हंडे चमकवायची पावडर लावून रुपया असा घासला की आरशासारखा झाला. यांचं तोंड उतरलं. त्या दिवशी जेवले नाहीत.

वर्ष-दोन वर्षं तिवारीजींचं राज्य चाललं. मग नवा फतवा निघाला: घासलेलं नाणं मेलेलं नाणं! काळपट झाक हवी. तिला म्हणे टोनिंग म्हणतात.

आता काळा कसा करायचा? कुणीतरी तिवारीजींना सांगितलं, कांद्यात ठेवा. पण त्यांच्याकडे कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येत नाही. मग रुपया आला माझ्या कांद्याच्या टोपलीत! आले की आधी टोपलीत हात घालायचे, मग नमस्कार करायचे.

महिनाभरात रुपया यांच्या रुपयाइतकाच काळपट झाला, आणि तिवारीण बाई आल्या. डोळ्यांत पाणी. "भाभी, हमाई सौगंध, सच्ची बताओ. जे तुमाए इतै प्याज खात हैं?"

मी म्हटलं, "खात नाहीत हो बाई. नुसते बघून जातात!"

त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही.

*

मग इंग्रजी शब्द आले. गुड, व्हेरी गुड, फाइन, व्हेरी फाइन. मी शाळेची पायरी चढले नाही, पण गुड म्हणजे चांगलं एवढं मलाही ठाऊक होतं. तर नाही! नाण्यांच्या भाषेत गुड म्हणजे पार झिजलेलं, नाक-डोळे ओळखू न येणारं. आणि फाइन म्हणजे अर्धं झिजलेलं.

तेव्हा कुठे मला कळलं! आमटी कशी झाली विचारलं की हे वर्षानुवर्षं म्हणत, "फाइन." मी आपली खूश! दुसऱ्या दिवशी शिळी वाढली.

याच सुमारास बंडूभावजींच्या मुलीला बघायला ग्वाल्हेरहून मंडळी आली. पोहे झाले, चहा झाला. मुलाचे वडील प्रसन्न होऊन म्हणाले, "मुलगी गुड आहे!"

भावजींचा चेहरा पांढराफटक. तिवारीजी हळूच म्हणाले, "मतलब... घिसी हुई?"

हे ताडकन उठले. "गुड काय म्हणता साहेब! व्हेरी फाइनच्या खाली आमच्या घरात मुलगीच नाही!"

लग्न जमलं. ते व्याही आजही यांना बघितलं की इंग्रजी बोलायचं थांबतात.

*

शब्द पुरेनात म्हणून नंबर आले. तेही सत्तरपैकी! तिवारीजी म्हणाले, "सौ में से काहे नईं?" कुणाला माहीत नाही. सत्तर म्हणजे टाकसाळीतून निघालं तसंच, मनुष्याचा हात न लागलेलं.

आणि त्याच वर्षी यांना सत्तरावं लागलं. बंडूभावजी पेढे घेऊन आले आणि ओरडले, "दादा, फुल मार्क! हात न लागलेला पीस!"

मी आतून म्हटलं, "भावजी, चार मुलं आहेत आमची!"

*

परवाचं सांगते. आता नंबरही घरी देऊन चालत नाही. कंपनीकडे पाठवायचं, ते तपासून प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करून देतात. डबी फोडली की नंबर गेला.

दोघांनी ठरवलं, होऊन जाऊ दे निकाल! पार्सल भावजींनी केलं. दोन्ही रुपये एकाच थैलीत घातले, म्हणाले, "दोन पुड्या कशाला?"

पार्सल परत आलं त्या दिवशी तिवारीजी भर दुपारी दुकान टाकून धावत आले. उघडलं. एक रुपया डबीत, वर नंबर त्रेपन्न. दुसरा नुसत्या पिशवीत, सोबत चिठ्ठी. भावजींनी वाचली, "हा खोटा आहे. टाकसाळीचा नाहीच."

"कुणाचा?" हे म्हणाले.

भावजींनी कानाला हात लावला. एका थैलीत घातलेले, आता काय सांगणार!

दोघं म्हणायचे, माझा रुपया मी डोळे मिटून ओळखतो. मी म्हटलं, "मग मिटा की!" डबीतल्याला हात लावता येईना. राहिला पिशवीतला.

यांनी डोळे मिटले. अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"हा माझा."

"दादा, नीट विचार करा," भावजी कळवळून म्हणाले. "तो खोटा आहे!"

"असेल. माझा आहे."

तिवारीजींनी तो त्यांच्या हातून घेतला. डोळे मिटले. अंगठा फिरवला. आणि मूठच आवळली. "नईं भाईसाहब. जौ तौ हमाओ है!"

"तुमचा कसा? माझा!"

"हमाओ!"

मूठ तिवारीजींची आणि मनगट यांच्या हातात. दोघं ओढताहेत, दोघांचे डोळे अजून मिटलेलेच!

टेबलावर त्रेपन्न नंबर पडला होता. भावजींनी त्याच्यावर चहाची कपबशी ठेवली.