शालूताईची बिनब्रेकची सायकल

आयुष्यात मी मूर्खपणा पुष्कळ केला, पण अव्वल नंबर त्या सायकलचा. पन्नाशी ओलांडलेली, पोरींना मराठी शिकवणारी चष्मेवाली बाई साडीचा काष्टा मारून दुसरीच्या सायकलवर बसते, आणि तेही ब्रेक नसलेल्या! नातवंडं हा किस्सा पुन्हापुन्हा सांगायला लावतात. मी पडते तिथपर्यंत सांगते. पुढचा भाग शालूताईचा आहे, तो त्यांना सांगत नाही.

शालूताई आमच्या पुसदच्या शाळेत खेळ शिकवायची. माझ्याहून थोडी मोठी, लग्नाच्या वाटेला न गेलेली, उन्हानं रापलेली. तिच्या बैठकीत सोफ्याच्या जागी सायकल उभी असायची आणि पाहुणे सतरंजीवर. एकट्यानं घड्याळाशी शर्यत लावतात ना, तसली सायकल. हँडलवर कोपरं टेकून, ओणवं होऊन चालवायची. पहाटे दिग्रस रोडनं ती तशी निघाली की दूधवाले हसायचे. मीही हसायची. मैदानावर पोरी धापा टाकत थांबल्या की तिचं ठरलेलं वाक्य असे, "दम लागला ना? मंग जित्ती हायेस. चाल."

निवृत्तीला थोडे महिने उरले असताना तिच्या पोटात गाठ निघाली. नागपूरचे उपचार सुरू झाले, केस गेले. तेव्हा तिनं वेलोड्रोमचा हट्ट धरला. परातीच्या काठासारखा आत कललेला गोल रस्ता, त्यावर सायकली भिंतीला चिकटल्यासारख्या पळतात. तिनं तो फक्त फोनवर पाहिला होता. पुण्यातल्या एका ओळखीच्या प्रशिक्षकानं दोन उपचारांच्या मधल्या एका रविवारची सकाळ तिला मिळवून दिली. मी म्हटलं, तिथलीच सायकल घे. तर नाही, आपलीच हवी.

मग ती सायकल इब्राहिमभाईंच्या दुकानात गेली. ब्रेक उतरले, गिअर उतरले. कललेल्या रस्त्याला पायडल घासू नये म्हणून त्याचे दांडे आखूड झाले. मागचं चाक फिक्स बसलं, म्हणजे चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. पाय थांबवायची सोयच नाही. इब्राहिमभाई वैतागून म्हणाले, मॅडम, जत्रेतल्या मौत का कुआँत चालल्या का?

"कुआँ पुण्यावाल्याइचा हाय, भाई," शालूताई म्हणाली. "मौत मी घरून घेऊन चालली."

इब्राहिमभाईंनी पाना खाली ठेवला. मीच तेवढी मूर्खासारखी हसले.

त्याच संध्याकाळी ती तपासणीसाठी नागपूरला गेली. बदललेल्या सायकलवर अजून ती स्वतःही बसली नव्हती. सायकल माझ्या ओसरीत ठेवली आणि हात लावू नको म्हणून बजावून गेली. दुसऱ्या दिवशी मी हात लावला. नुसता लावला असता तर ठीक; शाळेमागच्या उतारावर नेली. काष्टा सुटला आणि त्याचं टोक चेनमध्ये गेलं. आता, साडी नेसून सायकलवर शाळा गाठलेल्या आम्हा बायकांना एक विद्या पक्की येते: साडी अडकली की पायडल उलटं मारायचं. पंचवीस वर्षं मी ती वापरली होती. इथेही मारलं. चाकानं ते ऐकलं नाही. मलाच उचलून फेकलं. माझं मनगट मोडलं आणि सायकलचा पुढचं चाक धरणारा चिमटा चिरला.

शालूताई परत आली. चिमट्याच्या चिरेवरून तिनं बोट फिरवलं, माझ्या प्लास्टरकडे पाहिलं, आणि चहा टाक म्हणाली. नवा चिमटा मागवला. तो यायच्या आत तिच्या पोटात पाणी झालं. तो रविवार दवाखान्यात गेला, आणि पुढचेही.

शेवटची भेटले तेव्हा तिच्या नाकात नळी होती, प्रत्येक शब्दाला दम लागत होता. खाटेशी बसून मी माझी कर्मकथा पुन्हा सुरू केली: उतार, काष्टा, चेन, माझी अक्कल. तिनं हात हलवून मला थांबवलं आणि डोळे मिटले. वाटलं, झोपली.

"पडायचं राहू दे, मंदे. त्याच्या आधीचं सांग. कशी चालली माही सायकल?"